मुलाला वारंवार येणारे तीव्र मेल्टडाऊन: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. तो ४ वर्षांचा असल्यापासून आमच्या घरात मेल्टडाऊन येतात, म्हणजे भार असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबाच सुटतो. मध्येच पाच-सहा महिने शांत जातात, वाटतं सुटलो, आणि मग एकाच आठवड्यात चार होतात. दर वेळी मी पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासायला लागते. ओळखीच्या आणखी काही घरांतही हाच क्रम लावून पाहिला आहे. मी डॉक्टर नाही. इथे आहे ते जमिनीवर त्याच्याजवळ बसून शिकलेलं आणि नंतर डॉक्टरांना, थेरपिस्टना विचारून खात्री करून घेतलेलं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मेल्टडाऊन चालू असताना काहीही दुरुस्त होत नाही. त्या वेळी काम एकच, कुणाला इजा होऊ द्यायची नाही. कारण शोधायचं आणि दुरुस्ती करायची ती दिवसाच्या उरलेल्या वेळात.

लक्षणं

यातली तीन-चार लक्षणं आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा दिसत असतील तर पुढचं वाचा.

- कारण बारीकसं असतं (मोज्याची शिवण टोचली, नेहमीचा रस्ता बदलला, टीव्ही बंद केला) आणि उद्रेक मात्र घर हादरवणारा.
- जे मागत होतं ते हातात दिलं तरी थांबत नाही.
- कुणी बघतंय की नाही याने काही फरक पडत नाही. खोलीत एकटं असलं तरी चालूच राहतं.
- हाक पोचत नाही. डोळे उघडे असतात, पण नजर कुठेच ठरत नाही.
- स्वतःला लागेल याचं भान सुटतं. डोकं आपटणं, स्वतःचा हात चावणं, भिंतीवर लाथा मारणं.
- संपल्यावर मूल गळून जातं, झोपी जातं, किंवा काय घडलं ते त्याला नीट सांगता येत नाही.

दीड ते चार वर्षांच्या मुलाने हट्ट करणं, लोळण घेणं, भोकाड पसरणं हे वाढीतच येतं, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत आटोपतं. हट्टाला काहीतरी हवं असतं, आणि मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघून घेतं. मेल्टडाऊनमध्ये शरीराने धोक्याची घंटा वाजवलेली असते. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, आणि विचार करणारा, शब्द शोधणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग त्या गदारोळात मागे पडतो. हा भाग पूर्ण पक्व व्हायलाच वयाची पंचविशी उजाडते. म्हणून त्या क्षणी 'जरा विचार कर' म्हणण्याला अर्थ नसतो.

प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतात. हट्ट म्हणून सुरू होतं आणि पाच मिनिटांत गाडी हाताबाहेर जाते. नक्की कोणतं आहे हे त्या क्षणी ठरवत बसू नका. काळजी दोन्हीकडे सारखीच घ्यायची आहे.

यातलं काही दिसलं तर लगेच आपत्कालीन मदत बोलवा

- शुद्ध हरपली, हातपाय एका लयीत झटके देऊ लागले, श्वास नीट घेता येत नाही, ओठ निळे पडले.
- डोक्याला जोरात लागल्यानंतर उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी गुंगी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून पाणी वा रक्त येणं.
- औषध, साफसफाईचं रसायन, बॅटरी असं काही गिळल्याची शंका.
- खूप ताप, मान ताठ आणि वागणं ओळखू न येण्याइतकं वेगळं.
- हातात धारदार वस्तू आहे, किंवा मूल खिडकीकडे, कठड्याकडे, रस्त्याकडे धावतंय आणि तुम्हाला ते थांबवता येत नाही.

मुलाला मधुमेह असेल तर अचानक चिडचिड, घाम, थरथर दिसताच आधी रक्तातली साखर तपासा. साखर उतरली की मूल अगदी मेल्टडाऊनसारखंच वागू शकतं.

वरच्या यादीला एक अपवाद आहे. साधारण ६ महिने ते ६ वर्षांच्या काही मुलांचा रडता रडता श्वास अडकतो, ती निळी किंवा पांढरी पडतात आणि काही क्षण बेशुद्ध होतात. बहुतेक मुलं मिनिटाच्या आत स्वतःहून सावरतात. मुलाला कुशीवर निजवा, तोंडात काहीही घालू नका, हलवू नका. मिनिटभरात सावरलं नाही तर आपत्कालीन मदत बोलवा. सावरलं तरी पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवाच, कारण अनेकदा यामागे लोहाची कमतरता निघते आणि ती उपचाराने भरून काढता येते.

मूल 'मला मरायचंय' म्हणालं तर रागात बोललं म्हणून सोडून देऊ नका. शांत झाल्यावर सरळ विचारा, एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसा विचार भरतो ही भीती चुकीची आहे.

चालू असताना काय करायचं

बोलणं थांबवा. मला स्वतःला हे शिकायला दोन वर्षं लागली. मुलगा जमिनीवर हातपाय झाडतोय आणि मी त्याच्यावर वाकून विचारतेय, 'काय झालं? कुठे दुखतंय? सांग ना राजा.' माझा प्रत्येक प्रश्न म्हणजे आधीच ओसंडणाऱ्या भांड्यात आणखी पाणी. एकदा घसा बसला होता म्हणून मी नुसतीच बसून राहिले, आणि ते नेहमीपेक्षा लवकर ओसरलं. तेव्हापासून मी एकच वाक्य ठेवलंय, 'मी आहे इथेच.' तेही हळू आवाजात, एकदा म्हणून बराच वेळ गप्प.

लहान मुलांच्या आकांडतांडवाचा क्षणाक्षणाने अभ्यास करून मायकल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये मांडलं, की राग सुरुवातीच्या भागात चढतो आणि मग उतरत जातो, दुःख मात्र शेवटपर्यंत असतं. अनुभव तसाच आहे. किंचाळण्याचा सूर बदलतो, हुंदके लांबतात, अंग सैल पडायला लागतं. जवळ घ्यायची वेळ ती. त्याआधी जवळ गेलात तर लाथ बसेल.

बाकीचं थोडक्यात. दिवे मंद करा, टीव्ही आणि आवाज बंद करा. घरात चार मोठी माणसं असली तरी एकानेच मुलाजवळ थांबायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत जायचं. आमच्या धाकटीला शांत दिवशी सराव करून दिलाय. मी 'तुझी बॅग' एवढं म्हटलं की ती रंगीत खडूंची पिशवी उचलून आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. तिला यात तिची काही चूक नाही हे नंतर सांगावं लागतं, दर वेळी.

तुम्ही मुलाच्या अगदी समोर उभं राहू नका. थोडं बाजूला, तिरकं, लाथेच्या टप्प्याबाहेर, आणि जमलं तर मुलाच्या उंचीला खाली बसा. डोळ्यांत रोखून बघू नका. तुमचा बाहेर जायचा रस्ता मोकळा ठेवा, आणि मुलाचाही अडवू नका. फक्त तो रस्ता धोक्याकडे जात असेल तरच अडवायचा. चष्मा, कानातलं, गळ्यातलं काढून टाका.

डोकं आपटत असेल तर डोकं धरू नका. उशी किंवा घडी केलेली गोधडी डोके आणि जमिनीच्या मध्ये सरकवा. चावा घेतला तर हात ओढून काढू नका, ओढल्याने कातडी फाटते. हात अगदी हलके तोंडाच्या दिशेने ढकला, जबडा सैल होतो, मग काढा. नाक-तोंड झाकलं जाणार नाही एवढं बघा. केस पकडले तर मुलाची मूठ आपल्या दोन्ही तळव्यांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरा. केस ओढले जात नाहीत, वेदना थांबते, आणि बोटं आपोआप ढिली पडेपर्यंत थांबता येतं. हे तिन्ही प्रकार शांत वेळी नवऱ्याबरोबर करून बघा. ऐन वेळी आठवत नाहीत.

गाडीत असाल तर आधी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी थांबवा. चालवता चालवता मागे वळून समजूत घालू नका.

आणि घड्याळ बघा. सुरू झाल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. आत असताना १० मिनिटं तासाभरासारखी वाटतात, आणि पुढे डॉक्टर हाच आकडा विचारतात.

पकडून ठेवण्याबद्दल

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठे अपघात इथे होतात.

मुलाला धरणं हा उपाय नाही. मूल रस्त्यावर पळतंय, कठड्यावर चढतंय, लहान भावंडाच्या अंगावर जातंय, अशा वेळी क्षणभर धरावं लागतं. धोका टळला की लगेच सोडायचं. 'शांत होईपर्यंत धरून ठेवू' म्हणालात तर ते मूल जिवाच्या आकांताने झगडेल, आणि झगडणं हेच पुढचं इंधन होईल.

कधीही करू नका, कितीही वाईट परिस्थिती असली तरी: पालथं पाडून दाबणं, पाठीवर किंवा छातीवर बसणं, मान धरणं, तोंडावर हात किंवा कापड ठेवणं, बसवून पुढे दुमडून दाबणं, चादरीत घट्ट गुंडाळून ठेवणं, बांधणं. पालथ्या स्थितीत वजन पडलं की बरगड्या आणि श्वासपटल हलायला जागा उरत नाही. अशा धरण्यात जगभरात मुलांचे आणि मोठ्यांचे जीव गेले आहेत, तेही प्रशिक्षित माणसांच्या हातून. 'बोलतोय म्हणजे श्वास चालूय' हे खरं नाही. मूल म्हणालं श्वास येत नाही, की त्याच क्षणी सोडा. खूप झगडून मूल एकाएकी शांत झालं तर ते शांत झालं असं गृहीत धरू नका, श्वास बघा.

खोलीत कोंडून बाहेरून कडी लावणंही नको. आत काय होतंय ते दिसत नाही, आणि मुलाच्या शरीराला धोक्याचीच खात्री पटते.

लहानग्याला गदागदा हलवणं तर कधीच नाही. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आपलाच हात उठेल असं वाटलं तर मूल धोक्यात नाही ना एवढं बघून दोन पावलं मागे या, दुसऱ्या माणसाला पुढे करा. आमच्या घरात यासाठी खूण ठरलेली आहे. जो दमला तो दुसऱ्याच्या खांद्याला हात लावतो. एकही शब्द न बोलता माणसं बदलतात.

तुम्हाला वारंवार धरावं लागत असेल तर ती घरी सोडवण्याची गोष्ट उरलेली नाही. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी: सोप्यापासून अवघडाकडे

१. खोली. आजच करा, खर्च जवळजवळ शून्य. जिथे जास्त वेळा घडतं तिथून काच, कात्री, सुऱ्या, जड शोभेच्या वस्तू, औषधं हलवा. उंच कपाट आणि टीव्ही भिंतीला पक्के करा, कारण ओढल्यावर ते अंगावर येतात. खिडक्यांना मुलाला उघडता येणार नाही असा अडसर हवा. कोपऱ्यात एक गादी, दोन उशा, एक जाड पांघरूण. ही जागा शिक्षेची नाही. मुलाने चांगल्या वेळीही तिथे लोळावं. शिक्षा म्हणून एकदा पाठवलंत तर पुढे ते तिथे जाणार नाही.

२. वही. एक साधी वही, दोन आठवडे. दर वेळी पाचच गोष्टी: वेळ, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं, प्रत्यक्ष काय केलं, किती वेळ चाललं, आपण काय केलं. रात्री झोप किती झाली तेही. हे कंटाळवाणं आहे आणि सगळेजण टाळतात. पण आमची सगळ्यात मोठी उकल या वहीनेच केली.

मुलगा ७ वर्षांचा असताना रोज शाळेतून आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत फुटायचा. आम्ही म्हणत होतो अभ्यास नको म्हणून. वही उलटसुलट वाचताना दिसलं की शनिवार-रविवारी तर नाहीच, पण शाळेच्या दिवसांतही बुधवारी क्वचित. बुधवारी खेळाचा तास असायचा आणि मुलं मैदानाजवळचं स्वच्छतागृह वापरायची. वर्गाजवळच्या स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र होतं. त्याच्या घोंगावण्याला घाबरून तो दिवसभर लघवी दाबून ठेवत होता. घरी पाय ठेवायचा तेव्हा पोट तडकायला आलेलं असायचं, आणि बुटाची नाडी सुटली नाही एवढं निमित्त पुरायचं. शिक्षिकेशी बोलून रोज मैदानाजवळच्या स्वच्छतागृहात जायची मुभा घेतली. दुपारचे मेल्टडाऊन त्या महिन्यात जवळपास थांबले. आम्ही चार महिने अभ्यासाला दोष देत बसलो होतो.

३. शरीर. वेदना सांगता न येणारं मूल ती अंगावर काढतं आणि मग फुटतं. शौच रोज होतं का, कडक होतं का? बद्धकोष्ठ हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण आहे. कान, दात, पोटातली जळजळ, डोकेदुखी, वयात येणाऱ्या मुलींना पाळीच्या आधीचे दिवस. मूल एकाच बाजूच्या कानावर मारतं, एकाच गालावर ठोसे मारतं, जेवताना एकाच बाजूने चावतं, तर ती खूण समजा आणि दाखवून घ्या. शेवटचं खाणं आणि पाणी किती वाजता झालं हेही वहीत लिहा. दोन जेवणांमधलं अंतर कमी केल्यावर काही घरांत निम्मं काम होतं.

४. झोप. एकूण २४ तासांत ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. आठवडाभर मोजा, अंदाजाने लिहू नका. तास पुरेसे असूनही मूल दमलेलं उठत असेल तर रात्री कान देऊन ऐका. रोज घोरणं, तोंडाने श्वास, मध्येच श्वास थांबून दचकणं. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढले की असं होतं, आणि तुटक झोपेचं मूल दिवसभर चिडकं राहतं. पाय सतत हलवत झोपत असेल तर लोहाची तपासणी करायला सांगा.

५. औषधं. मेल्टडाऊन वाढले त्याच सुमारास नवीन औषध सुरू झालंय किंवा मात्रा बदललीय का? स्टेरॉइड, झटक्यांवरचं लेव्हेटिरासिटाम, दम्यावरचं माँटेलुकास्ट यांनी काही मुलांच्या वागण्यात बदल होतो. माँटेलुकास्टबाबत तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सर्वांत कडक दर्जाचा इशारा दिला. सर्दीच्या काही औषधांनी मूल झोपेऐवजी उधळतं. एकाग्रतेसाठी दिलेल्या औषधाचा असर संध्याकाळी उतरताना चिडचिड उफाळते. तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. मनाने औषध बंद करू नका, विशेषतः झटक्यांचं. ते अचानक थांबवलं तर झटके येतात.

६. आवाज, उजेड, कपडे, गर्दी. दिवसभर साठत जाणारा हा भार आहे. कपड्यावरची चिठ्ठी (लेबल), लुकलुकणारी ट्यूब, पंख्याची खरखर. आपल्याला ऐकूही येत नाही. मूल जिथे फुटतं त्या खोलीत पाच मिनिटं डोळे मिटून बसा. आवाज कमी करणारे हेडफोन, चिठ्ठ्या कापलेले कपडे, शाळेतून आल्यावर अर्धा तास एकही प्रश्न न विचारता एकांत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

७. एका कामातून दुसऱ्यात जाणं. खेळ थांबवणं, स्क्रीन बंद करणं, घराबाहेर पडणं. 'पाच मिनिटांत बंद' हे लहान मुलाला कळत नाही, कारण पाच मिनिटं दिसत नाहीत. वाळूचं घड्याळ दिसतं. 'ही फेरी संपली की' हे कळतं. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. बदल होणार असेल तर त्यावर आदल्या दिवशीच वेगळं चित्र चिकटवा.

८. सांगता येतं का? बोलणाऱ्या मुलालाही भार वाढला की शब्द सापडत नाहीत. 'थांब', 'पुरे', 'मदत', 'बाहेर जायचंय' एवढ्यांसाठी चार कार्डं किंवा हाताच्या खुणा शिकवा. शिकवायचं शांत वेळी, आणि मुलाने कार्ड दाखवलं की सुरुवातीला प्रत्येक वेळी मान द्यायचा, गैरसोय झाली तरी. कार्ड चाललं नाही तर मूल जुन्या मार्गाकडे जाईल, तो हमखास चालतो. ऐकण्याची आणि दृष्टीची तपासणी झालेली नसेल तर याच टप्प्यावर करून घ्या.

९. आपण काय करतो. हा टप्पा पैशाने स्वस्त आणि मनाने महाग. वहीतला शेवटचा रकाना वाचा. कधी हट्ट पुरवला, कधी ओरडलो, कधी मार दिला? कधी पुरवायचं आणि कधी नाही असं होत राहिलं की मूल जास्त वेळ आणि जास्त जोराने प्रयत्न करायला शिकतं. पुरवणं थांबवायचं ठरवलं तर सुरुवातीचे काही दिवस प्रकार वाढतो. वाढेल हे माहीत असलं की मध्येच सोडलं जात नाही. पण मूल स्वतःला इजा करत असेल तर हे एकट्याने करू नका. मारण्याने भीती वाढते, आणि भीती हेच तर त्या वेळी शरीरात भरलेलं असतं.

संपल्यावर पाणी, अंधार, झोप. उपदेश नाही, 'सॉरी म्हण' नाही. बोलायचं ते काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, दोन वाक्यांत: तुला खूप झालं होतं, पुढच्या वेळी कार्ड दाखव. फोडलेलं, सांडलेलं बरोबर बसून आवरायचं.

१०. शाळा, छळ, भीती. सगळं तपासून झालं आणि मूल फक्त शाळेच्या दिवसांत, किंवा एका विशिष्ट माणसाच्या आसपास बदलत असेल, तर कुणी मारतंय का, त्रास देतंय का, नको तिथे हात लावतंय का हे शोधा. आरोप न करता, घाई न करता. खूण पटली तर त्या माणसापासून मूल आधी दूर करा आणि बालसंरक्षणाची मदत घ्या.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला गाठा

- लहान मुलाचे उद्रेक सरासरी २५ मिनिटांपेक्षा लांबतात, किंवा दिवसात पाचपेक्षा जास्त होतात.
- स्वतःला किंवा दुसऱ्याला जखम होते. एकदाही टाके पडले, तर वाट बघू नका.
- मूल शाळेत जाणारं आहे आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त उद्रेक चालूच आहेत, मधल्या वेळातही चिडकं राहतं.
- येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य गेलं.
- काही कारण न घडता नजर थिजते, ओठ चाटणं-चघळणं होतं, नंतर गोंधळलेलं असतं. झटक्यांची तपासणी लागते.
- एका-दोन दिवसांत मूल पूर्ण बदललं, सोबत हात धुण्यासारखी सक्ती, अंगाला आचके, अंथरुणात लघवी, जेवण सोडणं. काही मुलांत घशाच्या जंतुसंसर्गानंतर असं होतं.
- मूल ताकदीने तुम्हाला भारी पडू लागलंय, किंवा भावंडं घरात घाबरून वावरतात.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. शारीरिक कारणं बघून ते विकासतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल (रोजची कामं आणि स्पर्श-आवाजाचा त्रास बघणाऱ्या) किंवा स्पीच (बोलणं शिकवणाऱ्या) थेरपिस्टकडे पाठवतात. पालकांना शिकवणारे प्रशिक्षण-वर्ग खरोखर उपयोगी पडतात, त्यांना कमीपणा मानू नका. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमधल्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही औषधं वापरली जातात. त्यांनी वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून नियमित तपासणी लागते. दुसऱ्या मुलाच्या गोळ्या किंवा गुंगी येणारं सर्दीचं औषध शांत करायला देऊ नका.

जाताना वही न्या, औषधांची यादी न्या, आणि शक्य असेल तर एखाद्या मेल्टडाऊनचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, घरातल्या दुसऱ्या माणसाने लांबून घेतलेला. दवाखान्यात मूल बहुधा शांत बसतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवून झाला की फोनमधून काढून टाका. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो जाऊ देऊ नका.